काडतूस निवडण्याआधी मॅगझिनकडे बघा

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक जिंकलं. त्या दिवशी अनेक मराठी घरांत नेमबाजीची अंतिम फेरी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिली गेली असेल. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि मग उभं राहून त्याने ४४ गोळ्या झाडल्या, ४५१.४ गुण मिळवले. ती फेरी पुन्हा पाहायला मिळाली तर नेमबाजाच्या हाताकडे लक्ष द्या. प्रत्येक गोळीआधी तो एक काडतूस बोटांनी उचलतो, रायफलीत ठेवतो, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, बंद करतो. नियमच तसा आहे: एका वेळी एकच काडतूस, तेही हाताने.

मी ज्या खेळाबद्दल लिहितोय त्यात ही सोय नाही. मी कोलोरॅडोत राहतो आणि गेली सहा वर्षं प्रिसिजन रायफलच्या स्पर्धांना जातो. अमेरिकेत २०१२ पासून प्रिसिजन रायफल सिरीज, म्हणजे पीआरएस, या नावाने हा खेळ बांधला गेला. माळरानावर ३०० मीटरपासून हजार मीटरपर्यंत लोखंडी पाट्या टांगलेल्या असतात. नेमबाजाला लाकडी अडसर, टायर, छपराचा उतार, दगड अशा आडव्यातिडव्या आधारांवर रायफल टेकवून गोळी मारायची असते. एका टप्प्यात साधारण दीड ते दोन मिनिटांत दहा गोळ्या, आणि मध्ये दोन-तीन वेळा जागा बदलायची. पाटीला गोळी लागली की एक गुण. इथे काडतूस हाताने भरत बसायला वेळच नाही. रायफलीखाली लावलेल्या मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या डब्यातून, ते आपलं आपण वर यावं लागतं.

नवीन माणूस या खेळात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं काडतूस घेऊ? मी उत्तर देतो, आधी मॅगझिन बघ. हे ऐकून लोक गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळीला खांदा असतो आणि मान असते, अगदी याच नावांनी. अंग जाड, मग खांद्यापाशी उतार, मग बारीक मान, आणि मानेत गोळी धरलेली. गोळीचा व्यास, पुंगळीत मावणारी दारू आणि खांद्याचा उतार या तीन गोष्टींवर पुढचं बरंच काही ठरतं.

या खेळात ऐकू येणारी नावं मोजकीच आहेत. ३०८ विंचेस्टर हे सगळ्यांत जुनं, १९५२ चं, ७.८२ मिमी गोळीचं. ६.५ क्रीडमूर २००७ चं. मग ६ मिमीच्या गोळीचे भाऊबंद: ६ क्रीडमूर, ६ बीआर, ६ डॅशर, ६ जीटी. अव्वल नेमबाजांत आज ६ मिमीचाच बोलबाला आहे. ३०८ मुख्यतः टॅक्टिकल नावाच्या वेगळ्या गटात टिकून आहे, कारण त्या गटात ३०८ आणि २२३ रेमिंग्टन ही दोनच काडतुसं चालतात.

आता ६ मिमी का? शक्ती जास्त म्हणून नव्हे, कमी म्हणून. लोखंडी पाटीला भोक पाडायचं नसतं, नुसती टण्ण वाजवायची असते. त्यामुळे जड गोळी आणि भरपूर दारू यांचा उपयोग काही नाही, उलट त्रास आहे, आणि तो त्रास म्हणजे धक्का. तोही खांदा दुखतो म्हणून नाही. नऊ-दहा किलोच्या या रायफलींनी कोणाचा खांदा दुखत नाही. त्रास असा की धक्क्याने दुर्बिणीतलं चित्र उडतं. ८०० मीटरवरच्या पाटीपर्यंत गोळी पोचायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात रायफल परत स्थिर झाली तर आपलीच गोळी कुठे पडली, डावीकडे धूळ उडाली की उजवीकडे, ते स्वतःला दिसतं आणि पुढच्या गोळीला वाऱ्याची दुरुस्ती करता येते. चित्र हललं तर नेमबाज आंधळाच. कोणी शेजारून सांगणार नाही, सांगू दिलंही जात नाही.

नऊ किलोची रायफल धरून मी एकदा साधा हिशेब मांडला होता. ३०८ मधून ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघते. ६.५ क्रीडमूरमधून ९ ग्रॅमची गोळी ८२५ ने. डॅशरमधून ६.८ ग्रॅमची ८८० ने. गोळी आणि जळालेली दारू पुढे जातात तेवढा रेटा रायफलीला मागे बसतो. त्या धक्क्याची ऊर्जा ३०८ ची १०० धरली तर ६.५ ची ७५ च्या आसपास येते आणि डॅशरची ५० च्या. म्हणजे निम्मी. नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणारा ब्रेक लावला की तिघांचेही आकडे आणखी खाली येतात, पण क्रम तोच राहतो.

मग वाऱ्यात हलकी गोळी भरकटत नाही का? भरकटते, पण वाटतं तेवढी नाही. वाऱ्याला गोळीचं वजन कळत नाही. वाटेत तिचा वेग किती घटतो यावर वाहणं ठरतं. ६ मिमीच्या लांब, टोकदार गोळ्या हवा सफाईने कापतात आणि निघतातही जोरात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर ९०० मीटरच्या पलीकडे ३०८ ची गोळी अडीच मीटर बाजूला जाते. ६.५ ची आणि डॅशरची, दोन्ही पावणेदोन ते दोन मीटर. म्हणजे ३०८ च्या निम्म्या धक्क्यात ६.५ च्या जवळपास पोचता येतं. वेगाच्या मागे लागून कोणी पाट्या फोडू नयेत म्हणून पीआरएसने सेकंदाला ३२०० फूट, म्हणजे सुमारे ९७५ मीटर, अशी मर्यादाही घातली आहे.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, मग डॅशरच घ्यावं. मलाही तसंच वाटलं होतं.

डॅशरचं मूळ ६ बीआरमध्ये आहे. बीआर म्हणजे बेंचरेस्ट. टेबलावर वाळूच्या पिशव्यांत रायफल रुतवून एकेक काडतूस हाताने घालायचं आणि कागदावर पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात बसवायच्या, असा तो खेळ. स्वप्निलच्या रायफलीसारखीच तिथेही मॅगझिनची गरज नाही. म्हणून ६ बीआरची पुंगळी आखूड आणि बुटकी ठेवली गेली, जेमतेम ३९.६ मिमी लांब. त्या आकारात दारू एकसारखी जळते आणि वेग गोळीगणिक फारसा बदलत नाही. लांबवर याचं मोल मोठं आहे: वेगात एक टक्का फरक पडला तर हजार यार्डांवर गोळी पंधरा-वीस सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. ६ बीआरचा खांदा पुढे ढकलून त्याचा उतार ४० अंशांचा केला की डॅशर होतं. पूर्वी यासाठी ६ बीआरचीच पुंगळी नव्या आकाराच्या चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) झाडून फुगवून घ्यावी लागे. आता तयार पुंगळी मिळते.

अचूकतेत या काडतुसाला तोड नाही, पण ते जन्मलं टेबलावर आणि आपण त्याला मॅगझिनमध्ये कोंबतो.

आता मॅगझिन. या खेळातल्या बहुतेक रायफली एआयसीएस पद्धतीचं मॅगझिन वापरतात. ॲक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश कंपनीने तिच्या दस्त्यासाठी केलेला तो नमुना पुढे सगळ्यांनी उचलला. बाहेरून नुसता पत्र्याचा डबा. आत खाली स्प्रिंग, तिच्यावर काडतुसांना वर रेटणारा फॉलोअर, आणि वरच्या कडेला आत वळलेल्या दोन पट्ट्या, ज्यांना ओठ म्हणतात. काडतुसं आत दोन ओळींत बसतात आणि ओठांपाशी एका ओळीत येतात. बोल्ट पुढे ढकलला की त्याची खालची कड वरच्या काडतुसाच्या बुडाला लागते आणि त्याला पुढे रेटते. काडतूस ओठांखालून घसरत जातं, गोळीचं टोक उतारावर चढून चेंबरच्या तोंडाकडे वळतं, आणि ठरावीक जागी ओठ त्याला सोडतात. मग ते सरळ होऊन आत जातं.

सगळी गंमत त्या सोडण्याच्या वेळेत आहे. ओठांनी लवकर सोडलं तर काडतूस उडी मारून तिरकं अडकतं. उशिरा सोडलं तर गोळीचं टोक खाली दबलेलं राहतं आणि चेंबरच्या खालच्या कडेवर आपटतं. हा डबा ३०८ च्या मापाने घडवलेला आहे. ३०८ चं अख्खं काडतूस ७१ मिमीचं आणि डब्यातली आतली जागा ७२-७३ मिमी. डॅशरचं अख्खं काडतूस भरतं ६० ते ६२ मिमी. म्हणजे आत सेंटिमीटरभर मोकळी जागा. प्रत्येक धक्क्याला काडतुसं पुढेमागे सरकतात. बोल्ट येतो तेव्हा काडतूस कुठे उभं आहे, याचा भरवसा नाही. त्यात ४० अंशांचा खांदा. ३०८ चा खांदा २० अंशांचा, निसरडा. काडतूस जरा वाकडं आलं तरी तो चेंबरच्या कडेवरून घसरून आत जातो. डॅशरचा खांदा कडेला अडतो.

हे मी वाचलेलं होतं. माझी रायफल घरी दर वेळी नीट चालायची, म्हणून मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्याच वर्षी एका स्पर्धेत, लोखंडी खांबांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवून मी उभा होतो. दोन पाट्या वाजल्या. तिसऱ्या वेळी बोल्ट अर्ध्यात अडला. मी जोर लावला, आणि तिथेच चुकलो: गोळी पुंगळीत मागे दबली आणि काडतूस घट्ट बसलं. मॅगझिन काढलं, काडतूस बोटांनी ओढून टाकलं, मॅगझिन परत लावलं. सारं मिळून वीसेक सेकंद गेले असतील, पण श्वास आणि लय मोडली ती शेवटपर्यंत परत आली नाही. दहापैकी चार. वारा चुकला तर एक गुण जातो. काडतूस अडलं तर अख्खा टप्पा हातचा जातो. काडतुसांच्या तक्त्यांत गोळीचा वेग सापडतो, वारा सापडतो, हा हिशेब मात्र सापडत नाही.

डॅशरवर उपाय आहे, आणि तो चांगला चालतो हेही सांगायला हवं. मॅगझिनच्या मागच्या बाजूला एक ठोकळा बसवतात. त्याने मागची रिकामी जागा भरते, काडतुसं पुढे, उताराजवळ उभी राहतात आणि हलत नाहीत. काही कंपन्या या आखूड पुंगळ्यांसाठी ठोकळा, वेगळा फॉलोअर आणि वेगळ्या ठिकाणी सोडणारे ओठ असा पूर्ण संच देतात. अव्वल नेमबाज अशीच मॅगझिन वापरतात आणि हजारो गोळ्या बिनबोभाट झाडतात. पण त्यांनी त्यासाठी वेळ घातलेला असतो. एकेका मॅगझिनचे ओठ केसभर वाकवून, तपासून, परत वाकवून. ज्याला हे करायची आवड आहे त्याने खुशाल डॅशर घ्यावं.

आता ६.५ क्रीडमूर. मला या काडतुसाबद्दल मनापासून आदर आहे, कारण ते मॅगझिन समोर ठेवून आखलं गेलं. हॉर्नडी कंपनीचे डेव्ह एमरी आणि नेमबाज डेनिस डीमिल यांनी मिळून त्याची कल्पना मांडली. बाजारातून पेटी आणावी आणि थेट स्पर्धेत वापरावी, असं काडतूस त्यांना हवं होतं. लांब, सडपातळ गोळी हवी, पण काडतूस ३०८ च्या मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे. यावर त्यांनी पुंगळीच आखूड केली. ३०८ ची पुंगळी ५१.२ मिमी, क्रीडमूरची ४८.८. वाचलेल्या जागेत गोळीचं लांब नाक बसलं आणि काडतुसाची कमाल लांबी राहिली ७१.८ मिमी. डबा भरून, पण डब्यातच. खांदा ३० अंशांचा, ना फार निसरडा ना फार अडेल. नाव दिलं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एकोणिसाव्या शतकातल्या क्रीडमूर नेमबाजी मैदानाचं.

६ क्रीडमूर म्हणजे याच पुंगळीची मान आवळून तिच्यात ६ मिमीची गोळी बसवलेली. मॅगझिनमधून तितकंच लोण्यासारखं सरकतं. पण किंमत नळी मोजते. जवळपास तेवढीच दारू आता बारीक भोकातून बाहेर पडते. चेंबरच्या पुढे, जिथे नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, सुरू होतात, तिथलं पोलाद त्या आगीने झिजत आणि तडकत जातं. दीडेक हजार गोळ्यांत अनेकांची नळी उतरणीला लागते. डॅशर, कमी दारूमुळे, अडीच हजारांच्या पलीकडेही टिकतं. ६.५ साधारण तितकंच. ३०८ पाच हजार सहज. हंगामभर सराव आणि स्पर्धा करणाऱ्याला हे आकडे खिशाला कळतात.

झीज आणि मॅगझिन यांचाही एक छुपा संबंध आहे, तो क्वचितच कोणी नवख्याला सांगतं. आटे झिजून पुढे सरकले की काडतुसं घरी स्वतः तयार करणारे लोक गोळी पुंगळीत जरा वर बसवतात, म्हणजे ती आट्यांच्या जवळ राहील. काडतूस थोडं लांब होतं. पुढच्या महिन्यात आणखी थोडं. आणि एक दिवस गोळीचं टोक मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला घासायला लागतं. नेमबाज स्प्रिंगला दोष देतो, फॉलोअरला देतो, पण खरं कारण त्याने स्वतः मिलिमीटर मिलिमीटर करून तयार केलेलं असतं. म्हणून नळी नवीन असतानाच पाहावं की गोळी आट्यांजवळ ठेवून काडतूस डब्यात किती सैल बसतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोकळे नसतील तर ती गोळी आणि ते मॅगझिन यांची जोडी फार दिवस जमणार नाही.

मी आज वापरतो ते ६ जीटी. जॉर्ज गार्डनर आणि टॉम जेकब्स या दोघांनी ते खास याच खेळासाठी आखलं. पुंगळी सुमारे ४४ मिमी, म्हणजे डॅशर आणि क्रीडमूर यांच्या मधली. खांदा ३५ अंशांचा. दारू डॅशरपेक्षा किंचित जास्त, म्हणून नळीचं आयुष्य आणि धक्का डॅशरच्या शेजारी. पण लांबी वाढल्यामुळे साध्या एआयसीएस मॅगझिनमधून ठोकळ्याशिवाय चालावं, हाच त्यामागचा हेतू. डॅशरइतकं अचूक ते नाही असं काही जण म्हणतात. कागदावर मलाही कधी तसा फरक दिसला. पाटीवर कधी दिसला नाही.

पहिलीच रायफल घेणाऱ्याला मात्र मी जीटीही सुचवत नाही. ६.५ क्रीडमूर घ्या, कारखान्यातली सामन्याच्या दर्जाची काडतुसं घ्या, आणि दोन हंगाम फक्त आधार कसा घ्यावा आणि वारा कसा वाचावा यावर घालवा. धक्का थोडा जास्त आहे, पण काडतूस अडणार नाही, आणि शिकताना तीच एक काळजी नको असते.

काडतूस ठरलं की तपासणी. यासाठी दारू आणि प्रायमर नसलेली खोटी काडतुसं लागतात, खऱ्या काडतुसासारखीच, त्याच गोळीची, त्याच लांबीची. घरात खरं काडतूस बोल्टने आतबाहेर करायचं नाही, रायफल कितीही ओळखीची असली तरी. खोट्या काडतुसांच्या गोळीला आणि खांद्याला मार्करची शाई फासा आणि मॅगझिन पूर्ण भरा. दहा म्हणजे दहा, कारण पहिलं काडतूस सगळ्यांत जास्त दाबाखाली असतं आणि शेवटच्याला स्प्रिंगचा आधार सगळ्यांत कमी. बोल्ट एकदा अगदी सावकाश चालवा, एकदा घाईघाईत. मग रायफल डावीकडे कलवून, उजवीकडे कलवून, नळी खाली करून, आणि शेवटी मॅगझिनच अडसरावर दाबून. ही शेवटची चाचणी लोक सोडतात. स्पर्धेत आधारासाठी मॅगझिन लाकडाला टेकतंच, आणि पकड सैल असेल तर ते पुढेमागे डुलतं. तेवढ्या डुलण्याने ओठ आणि बोल्ट यांच्यातलं अंतर बदलतं.

नंतर काडतुसं काढून शाई बघा. गोळीच्या टोकाखाली ओरखडा असेल तर नाक खाली दबतंय. खांद्याच्या वरच्या बाजूला शाई खरवडलेली असेल तर काडतूस लवकर सुटून वर उडी मारतंय. पुंगळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना सारख्या रेघा दिसल्या तर त्या ओठांच्या, त्या असायच्याच. एकाच बाजूला खोल रेघ असेल तर एक ओठ वाकलाय. बोल्ट काडतुसाला न रेटताच त्याच्यावरून घसरून पुढे गेला, तर मॅगझिन खाली बसतंय किंवा तुम्ही बोल्ट पुरता मागे ओढला नाहीत. घाईत हे दुसरं कारणच जास्त वेळा निघतं, माझ्या बाबतीत तर नेहमीच. बोल्ट मागे थाडकन थांबेपर्यंत ओढायची सवय हाताला वेगळी लावावी लागते.

मॅगझिनवर नंबर घाला. सगळी एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली असली तरी त्यांचे स्वभाव वेगळे निघतात. नंबर नसेल तर अडल्यावर कोणतं अडलं हे आठवत नाही आणि चांगलं मॅगझिन विनाकारण बदनाम होतं. भरलेलं मॅगझिन ओठांवर पडलं तर ते वेगळं ठेवा आणि पुन्हा शाईची चाचणी केल्याशिवाय स्पर्धेत नेऊ नका. आत तेल घालू नका. माळावरची धूळ तेलाला चिकटते आणि फॉलोअर वाळूत चालल्यासारखा चालतो. कोरडं फडकं पुरतं.

माझ्याकडे जीटीची पाच मॅगझिन आहेत. एक, दोन, चार आणि पाच स्पर्धेला येतात. तीन नंबर पाचशेपैकी एखाद्याच वेळी अडतं, आणि ते का, हे शाईनेही मला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या बुडाला लाल पट्टी चिकटवलेली आहे. ते घरी राहतं, खोट्या काडतुसांसाठी.